सहा लांडगे आणि चार खेळाडू: नव्या डीएमसाठी लढाई बेतायची रीत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या गोष्टीखेळात पहिल्यांदा डीएम (गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर खेळवणारा) झालो त्या रविवारी मी चार खेळाडूंवर सहा लांडगे सोडले. मुलुंडला आमच्या सोसायटीचा हॉल, खाली सतरंजी, मध्ये चौकटीच्या वहीची पानं चिकटवून केलेला नकाशा. लांडगे म्हणजे कॅरमच्या काळ्या सोंगट्या, खेळाडू पांढऱ्या. दुसरा राउंड (राउंड म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न) पुरा व्हायच्या आत चारही पांढऱ्या सोंगट्या वहीबाहेर गेल्या. माझा भाचा काही वेळ नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, आपण मेलो?" अजून चहासुद्धा आला नव्हता.

पुस्तकात लांडग्यासमोर 'सीआर १/४' छापलेलं होतं. सीआर म्हणजे चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती भारी त्याचा आकडा. पाव म्हणजे किरकोळ, असं मी धरून चाललो. तिथेच चुकलो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स थोडंफार खेळलेल्या आणि आता पहिल्यांदा पडद्यामागे बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लढाई अशी बेतायची की ती खेळाडूंच्या जिवावर बेतेल असं वाटावं, पण दर वेळी बेतू नये. आकडे पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. २०२४ मध्ये जिथे बदल झाला तिथे तसं सांगेन. लांडगा, गोब्लिन, ओगर या मॉन्स्टरांची माहिती विकत घ्यायची गरज नाही. २०१४ च्या नियमांचा संदर्भ-दस्तऐवज, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये सगळ्यांना खुला आहे.

आणखी एक. पुस्तकं लढाईला 'एन्काउंटर' म्हणतात. मुंबईत या शब्दाला वेगळाच वास आहे. लोकलमध्ये उभं राहून फोनवर "रविवारी दोन एन्काउंटर करायचेत, एकात सगळे मेले तरी चालतील" असं मोठ्याने बोलू नका. मी बोललोय. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत समोरचा माणूस माझ्यावरून नजर हलवायला तयार नव्हता. म्हणून इथे सरळ 'लढाई' म्हणतो.

पायरी १: आधी टर्न मोजा

सीआरचा अर्थ पुस्तकात असा दिलाय: चार जणांची पार्टी, नीट विश्रांती घेतलेली, हत्यारं-चिलखतं जागच्या जागी, त्यांची लेव्हल आणि मॉन्स्टरचा सीआर सारखा असेल तर त्यांनी तो मॉन्स्टर कोणालाही न गमावता मारावा. म्हणजे हा आकडा एका मॉन्स्टरबद्दल बोलतो. सहा मॉन्स्टर एकदम आले तर काय, याबद्दल तो गप्प आहे.

माझ्या त्या रविवारचा हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. लेव्हल १ चे चौघे, आणि त्यांचे एचपी, म्हणजे जीव किती उरलाय त्याचे गुण: फायटर (लढवय्या) १२ एचपी, क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) १०, रोग (चोर) ९, विझर्ड (जादूगार) ८. एकूण ३९. एसी, म्हणजे फटका बसायला गाठावा लागणारा आकडा, सरासरी १४ धरू. लांडगा हल्ल्याच्या फाशात ४ मिळवतो, म्हणजे वीसच्या (वीस बाजूंच्या) फाशावर १० किंवा वर पडलं की चावा बसला. शक्यता ५५ टक्के. पण लांडग्याकडे पॅक टॅक्टिक्स आहे: त्याचा एखादा जोडीदार तुमच्या अंगाशी उभा असेल तर तो दोन फासे टाकून मोठा घेतो. मग ५५ चे जवळपास ८० टक्के होतात. चावा सरासरी ७ चा. सहा लांडगे, प्रत्येकी ८० टक्के, प्रत्येकी ७: एका राउंडला ३३ च्या वर. पार्टीकडे एकूण ३९. शिवाय चावलेल्याने स्ट्रेंग्थचा सेव्ह (बचावाचा फासा) चुकवला तर तो आडवा पडतो ते वेगळंच.

आता त्याच चौघांपुढे एकटा ओगर ठेवा. सीआर २, एचपी ५९, एसी फक्त ११. कागदावर तो लांडग्याच्या आठपट. तो हल्ल्यात ६ मिळवतो, एसी १४ वर ६५ टक्के वेळा लागतो, फटका सरासरी १३ चा. राउंडला साडेआठच्या आसपास झाले. चौघांचे फटके त्याच्या पातळ कातडीवर चारपैकी तीन वेळा बसतात, राउंडला वीसेक एचपी उडतात, आणि तिसऱ्या राउंडला ओगर खाली. तोवर त्याने तीन टर्न खेळले. लांडग्यांनी तीन राउंडांत अठरा खेळले असते, म्हणजे तेवढा वेळ उभं राहायला कोणी उरलं असतं तर.

लढाईचं खरं वजन यातच असतं. त्या बाजूला एका राउंडला किती टर्न आणि या बाजूला किती, हे सगळ्यात आधी मोजा. एचपी, एसी, विष, पंख हे सगळं त्यानंतर. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात याच गोष्टीचं गणित मांडलं होतं: नेम धरून मारणाऱ्या फौजेची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. दुप्पट माणसं म्हणजे चौपट ताकद. कारण जास्त जण जास्त मारतात, आणि वर शत्रूचे फटकेही जास्त जणांत वाटले जातात. फाशांच्या खेळात हे तंतोतंत लागू पडत नाही, पण तीन गोब्लिनच्या जागी सहा ठेवताना "डबलच तर केले" असं म्हणायचं नाही, एवढं यातून घ्या.

माझा ढोबळ नियम: लेव्हल १ आणि २ ला मॉन्स्टरचे टर्न खेळाडूंच्या टर्नपेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. चार खेळाडू, तर चार मॉन्स्टर ही वरची हद्द. तीन असतील तर मी रात्री शांत झोपतो.

पायरी २: मग बजेट

आता पुस्तकातला तक्ता उघडा. २०१४ च्या पद्धतीत दर खेळाडूमागे एक्सपीचे (मॉन्स्टर हरवून मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांचे) चार टप्पे दिलेत: सोपी, मध्यम, कठीण, डेडली (जीवघेणी).

लेव्हल १: २५, ५०, ७५, १००
लेव्हल २: ५०, १००, १५०, २००
लेव्हल ३: ७५, १५०, २२५, ४००
लेव्हल ४: १२५, २५०, ३७५, ५००
लेव्हल ५: २५०, ५००, ७५०, ११००

तुमच्या खेळाडूंचे आकडे बेरजेला घ्या. लेव्हल १ चे चार असतील तर १००, २००, ३००, ४००. मग मॉन्स्टरांचे एक्सपी जोडा (सीआर १/८ ला २५, पावला ५०, अर्ध्याला १००, एकला २००, दोनला ४५०) आणि संख्येप्रमाणे गुणा: एकटा असेल तर जसेच्या तसे, दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा दुप्पट, सात ते दहा अडीचपट, अकरा ते चौदा तिप्पट, त्याच्या वर चौपट. हा गुणाकार म्हणजे टर्नचाच हिशेब. माझे सहा लांडगे: ३००, दुप्पट ६००. डेडलीची हद्द ४०० होती. तक्ता ओरडून सांगत होता, मीच पान उलटलं नव्हतं.

२०२४ च्या पुस्तकाने हे सगळं सुटसुटीत केलं. टप्पे तीनच, गुणाकार गायब. लेव्हल १ ला माणशी ५०, ७५, १००. ऐकायला छान वाटतं, पण एक उदाहरण करून बघा. चार खेळाडू, चार गोब्लिन, प्रत्येकी ५० एक्सपी. जुन्या पद्धतीने २०० ची दुप्पट ४०० आणि शिक्का 'डेडली'. नव्या पद्धतीने २००, आणि शिक्का सगळ्यात खालचा. तीच माणसं, तितकेच गोब्लिन. २०१४ च्या नवशिक्यांच्या पेटीत पहिलीच लढाई बरोबर अशी होती, रस्त्याकडेच्या झुडपांत दबा धरलेले चार गोब्लिन. नवं पुस्तक वेगळी सूचना देतं, ती लक्षात ठेवा: खेळाडूमागे दोनपेक्षा जास्त मॉन्स्टर होत असतील तर ते फटक्यासरशी मरणारे ठेवा, आणि लेव्हल १-२ ला हे जास्त कटाक्षाने पाळा.

मी कोणतं वापरतो? पहिल्या तीन लेव्हलना जुनं, गुणाकारासकट. पुढे नवं, कारण लेव्हल ५ नंतर जुना गुणाकार उगाच घाबरवतो. विझर्डला फायरबॉल मिळतो, सहाचे आठ फासे, सरासरी २८, एका टर्नमध्ये खोलीभर. तिथे दहा गोब्लिन म्हणजे काडेपेटीतल्या दहा काड्या.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळणार असाल तर तुमचं काम सोपं आहे. तिथे लेव्हल कोणतीही असो, चौघांसाठी मध्यम लढाई ८० गुणांची, आणि पार्टीच्या लेव्हलचा एक मॉन्स्टर ४० चा. हे गणित बरंच खरं उतरतं. पण आमच्या हॉलमध्ये डी अँड डीच चालतं, कारण पुस्तक भाच्याकडे आहे.

पायरी ३: एका फटक्यात कोण मरतं ते बघा

ही पायरी दोन मिनिटांची, पण वगळू नका. सगळ्यात जोरात मारणाऱ्या मॉन्स्टरचा कमाल फटका लिहा. त्याच्यासमोर सगळ्यात नाजूक खेळाडूचे एचपी लिहा. शून्यावर येऊन जे नुकसान उरतं ते त्याच्या पूर्ण एचपीइतकं किंवा जास्त असेल तर तो बेशुद्ध होत नाही, जागीच मरतो.

ओगरचा फटका म्हणजे आठचे दोन फासे अधिक ४. आपल्या विझर्डचे एचपी ८. १६ किंवा वर लागलं की खेळ खलास, आणि ते लागलेल्या फटक्यांपैकी साधारण चारात एकदा होतं. क्रिटिकल (वीस पडल्यावर दुप्पट फाशांचा फटका) धरलेलाच नाही. सरासरीच्या हिशेबात ओगर बापडा तीन राउंडांत मरत होता. पण सरासरी फटका तेराचा, आणि चौघांत तेरा एचपी कोणाकडेच नाहीत. म्हणजे बसलेला बहुतेक प्रत्येक फटका एकाला झोपवतो. अशा लढाईला कठीण म्हणणं बरोबर नाही, ती लॉटरी आहे. ज्या मुलीने शनिवारची रात्र जागून आपल्या विझर्डची जन्मकथा लिहिली, तिची सोंगटी पहिल्याच फाशाला उचलणं माझ्याने होत नाही.

म्हणून पार्टीच्या लेव्हलपेक्षा मोठ्या सीआरचा मॉन्स्टर पहिल्या दोन लेव्हलना टाळा. ओगर आवडत असेल तर लेव्हल ३ ला आणा, आणि सोबत दोन गोब्लिन द्या. ४५० अधिक १०० म्हणजे ५५०, तीन मॉन्स्टर म्हणून दुप्पट ११००. चौघांची कठीणची हद्द ९००, डेडलीची १६००. दोहोंच्या मध्ये बसतं.

सोबत द्या म्हणतो त्यालाही कारण आहे. एकटा बॉस चार-पाच जणांपुढे उभा केला की नव्या डीएमची हमखास फजिती होते. सगळे मिळून त्याला घेरतात, त्याचा टर्न येईस्तोवर तो अर्धमेला असतो, आणि तुम्ही महिनाभर रंगवलेला खलनायक दोन वाक्यं बोलून मरतो. मोठ्या ड्रॅगनांना पुस्तकात लेजंडरी अ‍ॅक्शन दिल्यात त्या याचसाठी: दुसऱ्याच्या टर्नच्या शेवटी मध्येच हलायची मुभा. लहान बॉसला ते नसतं. त्याला नोकरचाकर द्या.

पायरी ४: मेगाब्लॉकचा हिशेब

पुस्तकं गृहीत धरतात की चार खेळाडू ठरले म्हणजे चार येतील. पुस्तकं लिहिणारे मध्य रेल्वेने येत नाहीत.

आमच्याकडे एक जण डोंबिवलीहून येतो, एक परळहून, एक गोरेगावहून दोन गाड्या बदलून. रविवारी माटुंगा ते मुलुंड ब्लॉक असला की परळवाल्याचा 'निघालोय' हा मेसेज दोन तास तसाच राहतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. पाच धरून बेतलेली लढाई तीन जणांवर पडली तर सहा लांडग्यांचा रविवार परत येतो. आणि उलटंही होतं: कोणी चुलतभावाला घेऊन येतो, सहा जण होतात, लढाई दहा मिनिटांत संपते आणि सगळे वडापाव आणायला खाली उतरतात.

यावर उपाय एकच, प्रत्येक लढाई तीन आकड्यांत लिहून ठेवायची. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. वर जागा आणि कोण मॉन्स्टर, खाली तीन ओळी: तीन आले तर अमुक, चार आले तर तमुक, पाच आले तर हे. संख्या कमी-जास्त करताना मॉन्स्टरचे एचपी वाढवू नका, मॉन्स्टर काढा किंवा घाला. टर्नचं प्रमाण सांभाळायचंय, लढाई लांबवायची नाही. पार्टी तिघांपेक्षा लहान असेल तर २०१४ चं पुस्तक गुणाकाराची एक पायरी वर जायला सांगतं, सहा किंवा जास्त असतील तर एक खाली. दोघांनाच घेऊन खेळायची वेळ आली तर मी लढाई ठेवतच नाही. त्या दिवशी बाजार, चौकशी, एखाद्या म्हाताऱ्या भटजीकडून कोडं. दोघांत गप्पा छान होतात.

कोण आलं यासोबत ते काय घेऊन आले हेही बघा. लेव्हल १ च्या विझर्डकडे २०१४ चा स्लीप (झोपवायचा मंत्र) असेल तर आठचे पाच फासे, सरासरी २२ एचपीचे मॉन्स्टर जागच्या जागी घोरायला लागतात. तीन गोब्लिनचे मिळून २१ होतात. लढाई संपली. त्याला हे एकदा-दोनदा करू द्या, खुशाल करू द्या, त्याच्याकडे दिवसाला दोनच स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) आहेत. क्लेरिक आला नाही तर मात्र एक मॉन्स्टर निमूटपणे कमी करा. पडलेल्याला उठवणारं कोणी नसणं हे आकड्यांत कुठेच दिसत नाही.

पायरी ५: जागा

तेच चार गोब्लिन घ्या. त्यांना सपाट अंगणात ठेवलं तर तिसऱ्या राउंडला संपतात. आता शिवडीचा किल्ला डोळ्यांपुढे आणा, आणि त्याखालचा खाडीचा चिखल, थंडीत फ्लेमिंगो उतरतात तो. खेळाडू चिखलात, गोब्लिन वर तटावर, हातात शॉर्टबो. चिखल म्हणजे डिफिकल्ट टेरेन, ३० फुटांची चाल १५ वर आली. कठड्याआडून डोकं काढणाऱ्या गोब्लिनला कव्हर, एसी २ ने वाढला, नीट दडला असेल तर ५ ने. वर गोब्लिनला बाण मारून त्याच टर्नमध्ये लपता येतं. एक्सपी २०० चे २००च आहेत, पण ही लढाई मी लेव्हल १ ला कोणावर सोडणार नाही.

उलटही करता येतं. गोब्लिन पुष्कळ आणायचेत, पण पार्टी लहान आहे? त्यांना अरुंद भुयारात घाला, एका वेळी दोघेच पुढे येतील. टर्न कागदावर सहा, वापरात दोन.

जागेचा मला सर्वांत आवडणारा उपयोग म्हणजे जिंकण्या-हरण्याचा अर्थ बदलणं. एकदा त्याच चिखलात खांबाला बांधलेला एक माणूस ठेवला आणि दर राउंडला भरतीचं पाणी एक चौकट पुढे सरकवलं. पाच राउंडांत त्याला सोडवायचं होतं. मॉन्स्टर फालतू होते, सीआर १/८ चे कोबोल्ड, पण हॉलमध्ये कोणी फोनकडे बघितलं नाही. सहा सेकंदांच्या राउंडात भरती एवढी चढत नसते, हे वरळी कोळीवाड्यातून आलेल्या एका खेळाडूने मला लगेच ऐकवलं. तू गप, फासा टाक, म्हटलं. अशा लढाईत पार्टी हरली तरी मरत नाही, म्हणून ती तुम्ही बिनधास्त कठीण करू शकता.

ओघात सांगतो, ओगरला 'ओगर' म्हणायची सक्ती नाही. आकडे तेच ठेवून त्याला ब्रह्मराक्षस करा, झॉम्बीला मुंजा करा, पिंपळावर बसवा. आमच्याकडे मुलं ओगरला हसतात, मुंजाला घाबरतात. फक्त नाव बदललं म्हणून नवे गुण चिकटवत सुटू नका. केलेला सगळा हिशेब त्या आकड्यांवर उभा आहे.

पायरी ६: एकट्याने खेळून बघा

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर ती लढाई स्वतःशीच खेळा. दोन्ही बाजू तुम्ही. खेळाडूंचे फक्त एचपी, एसी आणि मुख्य हल्ला लिहून घ्या, बारकावे सोडा. पंधरा मिनिटं लागतात. तीन वेळा खेळलात आणि तिन्ही वेळा दोन-दोन जण पडले तर एक मॉन्स्टर काढा. एकदाही कोणी अर्ध्यावर आलं नाही तर एक घाला. बायको विचारते, "जिंकलं कोण?" काय सांगणार.

पायरी ७: लढाई चालू असताना

इतकं करूनही फासे आपलं काम करतातच. पहिल्याच राउंडला गोब्लिनला दोनदा वीस पडतात. तेव्हा हातात काही खिट्ट्या हव्यात, ज्या फिरवल्या तरी खेळ खोटा होत नाही.

पहिली, आणि सगळ्यात मोठी: मॉन्स्टर कोणाला मारतो. शून्यावर पडलेला खेळाडू दर टर्नला वीसचा फासा टाकतो, १० किंवा वर म्हणजे यश, तीन अपयशं म्हणजे मृत्यू. पडलेल्याला अगदी जवळून फटका बसला तर दोन अपयशं एकदम लागतात. म्हणजे मॉन्स्टर पडलेल्यावर पुन्हा तुटून पडतो की उभ्या असलेल्याकडे वळतो, यावर कोणी जगतं, कोणी मरतं. हे आधीच कागदावर लिहा: गोब्लिन पडलेल्याचा बटवा चाचपतात, लांडगा पडलेल्याला ओढून न्यायला बघतो, मुंजा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग ऐनवेळी तुम्ही कोणावर मेहेरबानी केली असं कोणाला वाटत नाही, तुम्हालाही नाही.

दुसरी, पळून जाणं. नवे डीएम प्रत्येक मॉन्स्टर शेवटच्या एचपीपर्यंत लढवतात, आणि म्हणून लढाया लांबतात आणि माणसं मरतात. जगायची हौस गोब्लिनलाही असतेच की. १९८१ च्या बेसिक नियमांत यासाठी मोराल (हिंमतीचा आकडा) होतं: बाजूचा पहिला मेला की आणि अर्धे पडले की सहाचे दोन फासे टाकायचे, बेरीज मॉन्स्टरच्या मोरालच्या वर गेली तर ते पळतात. मी हे सरळ उचललंय. गोब्लिनला ७, लांडग्यांना ६, मुंजाला टाकतच नाही. हे आकडे माझे, तुम्ही तुमचे ठरवा.

तिसरी, लाटा. सगळे मॉन्स्टर सुरुवातीलाच नकाशावर मांडू नका. दोन समोर, दोन 'आवाज ऐकून' तिसऱ्या राउंडला येणार. लढाई जड जाताना दिसली तर त्यांना आवाज ऐकूच आला नाही. हलकी गेली तर दोघांचे चौघे झाले. खेळाडूंनी न बघितलेली गोष्ट बदलायला डीएमला पूर्ण मोकळीक आहे.

एचपीचंही तसंच. गोब्लिनचे ७ ही सरासरी आहे, सहाचे दोन फासे टाकले तर २ ते १२ काहीही येऊ शकतं. ओगरचे ५९, पण फाशांवर २८ ते ९१. या पट्ट्यात कुठलाही आकडा नियमात बसतो. मात्र एकदा त्याला पहिला फटका बसला की मी आकडा हलवत नाही. आणि फासे पडद्याआड खोटे वाचत नाही. यावर लोकांची वेगवेगळी मतं आहेत, पुष्कळ चांगले डीएम वाचतात. आमच्याकडची अकरावीतली मुलगी दोन सेशनांत ओळखते, आणि मग तिच्या क्रिटिकलचाही तिला आनंद होत नाही. मी मॉन्स्टरांचे फासे सगळ्यांसमोर टाकतो.

आणि तरीही सगळे पडलेच, तर? मरायलाच हवं असं नाही. गोब्लिन खंडणी मागतात. पुढच्या रविवारी चौघे पिंजऱ्यात जागे होतात, अंगावर चिलखत नाही, आणि शेजारच्या पिंजऱ्यात कोणीतरी खोकतंय. माझ्या सहा लांडग्यांच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. लांडग्यांना खंडणीचं काय समजावणार, तेही आहे.

पायरी ८: एका दिवसात किती

२०१४ चं पुस्तक धरून चालतं की दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये पार्टी सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया झेलेल, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घेऊन. आमचं सेशन तीन तासांचं. सातला हॉल रिकामा करावा लागतो, कारण नंतर तिथे भजनी मंडळ बसतं. चहा आणि उशिरा आलेल्यांना गोष्ट सांगणं धरून दोन लढाया होतात. दोनच लढाया आहेत हे खेळाडूंना कळलं की विझर्ड सगळे स्लॉट पहिल्या राउंडला उधळतो, आणि तुमची 'कठीण' लढाई पोरखेळ होते. फायटर आणि रोग मग नुसते बघत बसतात.

यावर मी दोन गोष्टी करतो. लाँग रेस्ट सेशन संपलं म्हणून मिळत नाही. गोष्टीतला एक दिवस आमच्याकडे दोन-तीन रविवार चालतो, उरलेले एचपी आणि स्लॉट वहीत लिहून पुढे न्यायचे. आणि जेव्हा खरोखर एकच लढाई असणार असते तेव्हा तिला बजेटमधली एक पायरी वर चढवतो, मध्यमऐवजी कठीण. डेडलीच्या वर लेव्हल ३ पर्यंत जात नाही.

सेशन संपल्यावर, सोंगट्या डब्यात भरता भरता, चार गोष्टी लिहून ठेवा: किती राउंड चालली, कोण शून्यावर गेलं, किती स्लॉट उरले, कुठे लोक कंटाळले. माझं माप असं: चार-पाच राउंड, एखादा पडून उठलेला, आणि मोठा स्पेल शिल्लक नसलेला विझर्ड. याच्या फार इकडेतिकडे गेलं तर पुढच्या कागदावर एक मॉन्स्टर कमी किंवा जास्त करतो. पाच-सहा सेशनांनंतर तुमच्या टोळीचं माप तुम्हाला हाताला लागतं. मग पुस्तकातला तक्ता मी पहिल्यासारखा दर वेळी उघडत नाही, नवा मॉन्स्टर आणतो तेव्हाच उघडतो.

गेल्या रविवारची नोंद अशी आहे: चौघे आले, परळवाला ब्लॉकमुळे नाही. लेव्हल ३. ओगर आणि दोन गोब्लिन, किल्ल्याच्या दारात. ओगर चौथ्या राउंडला पडला. रोग एकदा शून्यावर, क्लेरिकने उठवली. विझर्डकडे एक स्लॉट उरला. एक गोब्लिन मेला, दुसऱ्याने मोराल चुकवलं आणि तटावरून उडी मारून पळाला, त्याचं काय करायचं ते ठरवायचंय. भाचा म्हणतो, तो परत येणार, आणि येताना लांडगे घेऊन येणार.